दमा तेलामुळे होत नाही, मग ल्युकोट्राईन ही चरबी येते कुठून?

यवतमाळकडच्या एका मुलाने आईबद्दल विचारलं आहे. आईचं वय 52, दमा दहाएक वर्षांपासून. दरवर्षी सोयाबीन निघालं आणि वावरात हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, लागला की त्रास वाढतो. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ ओढायचा स्टेरॉइडचा पंप आणि रात्री माँटेलुकास्टची गोळी दिली आहे. गोळी कसली हे शोधताना मुलाला कळलं की ती ‘ल्युकोट्राईन’ नावाच्या पदार्थाला अडवते आणि हा पदार्थ चरबीच्या जातीचा आहे. तेव्हापासून घरात वाद आहे. आजी म्हणते तेल-तूप बंद करा, शेजारचे म्हणतात जवसाचं तेल द्या. मुलाचा प्रश्न असा, की चरबी अडवणारी गोळी चालूच आहे तर पंप थांबवला तर काय बिघडतं? आणि जाता जाता त्याने एक ओळ लिहिली आहे: ‘सवंगणीच्या दिवसांत अंग फार दुखलं की आई गावातच सुई घेते, दुसऱ्या दिवशी कामाला लागते.’

मी वीसेक वर्षं तालुक्याच्या गावी दम्याचे रुग्ण पाहतो आहे. या प्रश्नात मला सगळ्यात जास्त काळजी त्या शेवटच्या ओळीची वाटली. तिच्याकडे येतोच. पण ती सुई कधी कधी जिवावर का बेतू शकते, हे कळायला आधी ही चरबी काय आहे ते समजून घ्यावं लागेल.

आपण चरबी म्हटलं की पोटावरची किंवा कढईतली आठवते. ल्युकोट्राईन त्यातली नाही. शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवती जे पातळ पटल असतं, ते मुख्यतः स्निग्ध रेणूंचंच बनलेलं असतं. त्या रेणूंमध्ये काही ठिकाणी अ‍ॅराकिडॉनिक आम्ल नावाचं मेदाम्ल गुंफलेलं असतं. वीस कार्बनची साखळी, तिच्यात चार दुहेरी बंध. एरवी ते भिंतीतल्या विटेसारखं जागच्या जागी गप्प असतं. पेशीला इशारा मिळाला की फॉस्फोलायपेज ए2 नावाचं एन्झाइम ती वीट काढून घेतं आणि काही मिनिटांत तिच्यापासून वेगवेगळे संदेशवाहक रेणू घडवले जातात. दम्याच्या झटक्यात पेशी दोन तऱ्हेची हत्यारं वापरते. हिस्टामिन आधीच करून दाण्यांत भरून ठेवलेलं असतं, ते नुसतं सोडून द्यायचं असतं. ल्युकोट्राईन आणि प्रोस्टाग्लँडिन मात्र कुठेच साठवलेले नसतात. ते ऐन वेळी, आपल्याच पेशीच्या भिंतीतून घडवले जातात.

म्हणून आजीला सांगा की दम्यातली ही चरबी कालच्या भाजीतल्या तेलातून आलेली नाही. खाण्यातलं तेल चमचा-दोन चमचे कमी केलं म्हणून पेशीच्या पटलातलं अ‍ॅराकिडॉनिक आम्ल फारसं हलत नाही. तेलाचा दम्याशी संबंध असलाच तर तो कढईतून उठणाऱ्या धुराशी आहे. पऱ्हाट्या-तुराट्यांची चूल आणि वर लाल मिरचीची फोडणी, हे आईच्या छातीला खरंच सोसणार नाही. तिथे आजीचं बोट बरोबर जागी पडलं आहे, कारण तेवढं वेगळं.

आता हडंब्याकडे जाऊ. सोयाबीनच्या दाण्याच्या टरफलातली प्रथिनं फार जोरदार अ‍ॅलर्जी आणू शकतात. हे जगाला कळलं ते स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात. तिथे 1981 ते 1987 या काळात मधूनच एखाद्या दिवशी दम्याचे रुग्ण लोंढ्याने दवाखान्यात येत. असे 26 उद्रेक झाले. शोध घेतल्यावर लक्षात आलं की बंदरात ज्या दिवशी जहाजातून सोयाबीन उतरवलं जाई, त्या दिवशी धान्याच्या उंच कोठारातून उडालेली धूळ शहरावर पसरत होती. कोठारावर गाळण्या बसवल्या आणि उद्रेक थांबले. बंदरापासून दूर राहणाऱ्या माणसाला त्या धुळीने दवाखान्यात नेलं. आपल्याकडे तर माणूस हडंब्याच्या तोंडाशी उभा राहून कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, ओढतो.

ही धूळ नाकातोंडातून श्वासनळीत उतरते. ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याच्या शरीराने त्या प्रथिनाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं आधीच तयार करून ठेवलेली असतात आणि ती श्वासनळीच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर चिकटून बसलेली असतात. हिस्टामिनचे दाणे असतात ते याच पेशींत. धुळीतलं प्रथिन आलं, दोन शेजारच्या प्रतिपिंडांना जोडलं गेलं, की मास्ट पेशीत कॅल्शियम चढतं. हाच तो इशारा. दाणे फुटतात, हिस्टामिन बाहेर पडतं आणि त्याच वेळी भिंतीतून अ‍ॅराकिडॉनिक आम्ल सुटतं.

इथून दोन वाटा फुटतात. एका वाटेवर 5-लायपॉक्सिजनेज हे एन्झाइम आहे, तिथून ल्युकोट्राईन बनतात. दुसरीवर सायक्लोऑक्सिजनेज आहे, डॉक्टर ज्याला कॉक्स म्हणतात. तिथून प्रोस्टाग्लँडिन बनतात.

ल्युकोट्राईनमध्ये सी4, डी4 आणि ई4 ही तीन भावंडं दम्याच्या दृष्टीने महत्त्वाची. आधी सी4 बनतं, पेशीबाहेर पडलं की त्याचं डी4 होतं, आणि शेवटी ई4 होऊन लघवीतून निघून जातं. श्वासनळी आवळण्याच्या बाबतीत सी4 आणि डी4 हे हिस्टामिनच्या सुमारे हजारपट जोरकस आहेत. आणि आवळण्यावर ते थांबत नाहीत. बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, अस्तर सुजतं, चिकट बेडका वाढतो, इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिकडे ओढल्या जातात. सर्दी-शिंकांवर झटकन लागू पडणारी सेटिरिझिनची गोळी दम्याच्या झटक्यात का काम करत नाही, याचं उत्तर इथे आहे. ती फक्त हिस्टामिनला अडवते. दम लागलेल्या माणसाला ‘अ‍ॅलर्जीची गोळी’ देऊन घरी बसवून ठेवलेलं मी पुष्कळदा पाहिलं आहे. त्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.

या पदार्थाचा शोध लागला त्यात आपल्या ओळखीचा एक प्राणी आहे. 1938 साली ऑस्ट्रेलियात फेल्डबर्ग आणि केलावे या दोघांनी प्राण्यांच्या फुप्फुसातून नागाचं विष सोडून पाहिलं. फुप्फुसातून असं काही बाहेर आलं की ज्याने स्नायू आवळत होता, पण हिस्टामिनसारखा झटकन नाही; सावकाश, आणि बराच वेळ. त्याला नावही तसंच पडलं, ‘सावकाश परिणाम करणारा पदार्थ’. नागाच्या विषात ते भिंतीतली वीट काढणारं फॉस्फोलायपेज ए2 भरपूर असतं. हा पदार्थ नेमका काय, हे कळायला मग चार दशकं लागली. 1979 मध्ये स्वीडनमधल्या बेंग्ट सॅम्युएलसन यांच्या गटाने त्याची रचना उलगडली. पांढऱ्या पेशींत सापडला आणि रेणूत तीन लागोपाठ दुहेरी बंध, म्हणून ल्युकोट्राईन. 1982 चं वैद्यकाचं नोबेल सॅम्युएलसन, बर्गस्ट्रॉम आणि व्हेन यांना मिळालं, ते याच सगळ्या कुटुंबावरच्या कामासाठी.

‘सावकाश’ हा शब्द आईच्या बाबतीत लक्षात ठेवा. धूळ गेल्यावर पहिला झटका पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासात येतो आणि तास-दोन तासांत बहुधा ओसरतो. माणूस म्हणतो, ‘बरं वाटते आता.’ पण तोवर ल्युकोट्राईनने आणि प्रोस्टाग्लँडिन डी2 ने इओसिनोफिलांना आवतन धाडलेलं असतं. ते येऊन पोचतात, स्वतःही ल्युकोट्राईन सी4 बनवायला लागतात, आणि चार ते आठ तासांनी दुसरा फेरा सुरू होतो. दुपारी वावरात लागलेला दम संध्याकाळी बसला आणि रात्री दहाला पुन्हा उसळला, असं जे बायाबापडे सांगतात, ते तंतोतंत हेच आहे. घरचे म्हणतात रात्री दही खाल्लं, गार पाणी प्याली. कारण दुपारचं असतं. झटक्याच्या वेळी घ्यायच्या पंपाने पहिला झटका उतरला म्हणून आईला परत हडंब्यावर पाठवू नका.

प्रोस्टाग्लँडिनमध्ये सगळेच वाईट नाहीत. डी2 हा भांडण वाढवणारा. मास्ट पेशीतून तो भरपूर निघतो आणि अ‍ॅलर्जी चालवणाऱ्या पेशींना बोलावतो. याचा ग्राही, म्हणजे पेशीवर तो जिथे जाऊन बसतो ती जागा, बंद करणारं फेव्हिपिप्रँट नावाचं औषध मोठ्या आशेने तयार झालं होतं. मोठ्या चाचण्यांत ते अपेक्षेला उतरलं नाही आणि 2019 मध्ये दम्यासाठीचा तो प्रयत्न सोडून दिला गेला. एकच दार बंद करून ही आग विझत नाही, हे त्यातून आम्ही शिकलो. याउलट प्रोस्टाग्लँडिन ई2. तो श्वासनळीत राखणदारासारखा असतो. मास्ट पेशीला आणि 5-लायपॉक्सिजनेजला आवर घालतो. आणि दाह विझवण्यासाठीही शरीर याच मेदाम्लापासून लिपॉक्सिन नावाचे रेणू बनवतं. 1984 मध्ये ते सापडले. तीव्र दम्याच्या रुग्णांत ते कमी पडतात असं दिसलं आहे. म्हणजे एकाच भिंतीच्या विटांतून आग लावणारेही निघतात आणि विझवणारेही.

आता सुई.

अंगदुखीसाठी गावात जी सुई देतात ती बहुतेक वेळा डायक्लोफेनॅकची असते. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन ही वेदनाशामकं कॉक्स एन्झाइम बंद करून काम करतात. पूर्वी मी रुग्णांना समजावताना पाटाचं उदाहरण द्यायचो: पाट दोन वावरांत फुटतो, एका बाजूला माती लावली की सगळं पाणी दुसऱ्या वावरात शिरतं, तसं कॉक्सची वाट बंद झाली की सगळं अ‍ॅराकिडॉनिक आम्ल ल्युकोट्राईनकडे वळतं. समजायला सोपं आहे, पण अर्धंच खरं आहे. खरी गोष्ट राखणदाराची आहे. काही रुग्णांत ल्युकोट्राईनची भट्टी मुळातच जोरात चाललेली असते आणि थोड्याशा ई2 च्या धाकावर ती कशीबशी आवाक्यात असते. वेदनाशामकाने ई2 बनणंच थांबवलं की तो धाक जातो आणि ल्युकोट्राईनचा पूर येतो. अर्ध्या तासापासून तीन तासांपर्यंत कधीही. नाक चोंदतं, डोळे लाल होतात, चेहरा तापतो आणि छाती बंद होते.

दम्याच्या सगळ्याच रुग्णांना असं होत नाही. मोठ्या माणसांच्या दम्यात साधारण शंभरात सात जण असे निघतात. हे अ‍ॅलर्जीपेक्षा निराळं आहे, यात आयजीईचा हात नसतो, म्हणून चाचणीला रक्त देऊन उपयोग नाही. ओळख पटते ती विचारपूस केल्यावर.

माझ्याकडे एक बाई यायच्या, चाळिशीच्या. वर्षभर पंपावर होत्या, दम बऱ्यापैकी आवाक्यात. एका ऑक्टोबरात रात्री त्यांना मालवाहू गाडीत घालून आणलं. ओठ निळसर, एक शब्द बोलला की श्वास तुटत होता. ऑक्सिजन, नेब्युलायझर, शिरेतून स्टेरॉइड, सगळं करून पहाटे त्या सावरल्या. संध्याकाळी कमर दुखते म्हणून सुई घेतली होती, आणि त्यानंतर पाऊण तासात हे. सकाळी मी त्यांना विचारलं, ‘बाई, फोडणीचा वास येतो का?’ त्या म्हणाल्या, ‘दोन वर्ष झाले, मले कायचाच वास येत नाई. पोरगं सांगते भाजी लागली म्हणून.’ नाकात टॉर्च धरली तर दोन्हीकडे द्राक्षासारखे मोड. मोठेपणी सुरू झालेला दमा, नाकात मोड, वास गेलेला आणि वेदनाशामकाने उसळणारा दम, ही एकत्र येणारी माणसं आहेत. वर्षभर त्या माझ्यासमोर बसत होत्या आणि वासाचा प्रश्न मी विचारलेला नव्हता. तेव्हापासून दम्याच्या प्रत्येक मोठ्या रुग्णाला मी तो विचारतो.

तुमच्या आईने सुई आजवर घेतली आणि काही झालं नाही, तर बहुधा ती या गटात नाही. पण ‘बहुधा’वर विसंबू नका, कारण ही प्रवृत्ती मोठेपणी कधीही सुरू होऊ शकते. सुई घेतलेल्या दिवशी किंवा त्या रात्री दम वाढला होता का, हे आठवून पाहा. मेडिकलमधून गोळी आणताना पाकिटावरची सगळी नावं वाचा. पॅरासिटॅमॉल समजून आणलेल्या गोळीत अ‍ॅसिक्लोफेनॅक मिसळलेलं असतं, असं फार वेळा होतं. नुसती 500 मिलिग्रॅमची पॅरासिटॅमॉल दम्याच्या बहुतेक रुग्णांना चालते. अंगदुखीला शेक, मालिश, एक दिवस आराम. मजुरीचा खाडा पडतो हे मला ठाऊक आहे, आणि तरीही सांगतो.

गोळी आणि पंप यांचा प्रश्न आता सोपा होईल. माँटेलुकास्ट ल्युकोट्राईन बनणं थांबवत नाही. डी4 ज्या ग्राहीवर जाऊन बसतं, तिथे ती आधी जाऊन बसते. 1998 पासून ती अमेरिकेत वापरात आहे, आपल्याकडे स्वस्तात मिळते, आणि नाकाची अ‍ॅलर्जी सोबत असेल तर उपयोगी पडते. पंपातलं स्टेरॉइड दुसऱ्या ठिकाणी काम करतं. अस्तरात जमलेले इओसिनोफिल कमी करतं, त्यांना बोलावणाऱ्या प्रथिनांचं उत्पादन मंदावतं. गंमत अशी की ल्युकोट्राईन बनण्यावर त्याचा परिणाम फारच थोडा होतो. म्हणूनच दोन्ही एकत्र दिली तर काही रुग्णांना एकापेक्षा बरं वाटतं. पण एकच निवडायचं असेल तर तो पंप असतो, गोळी नाही. स्टेरॉइडचा पंप झटके रोखण्यात माँटेलुकास्टपेक्षा सरस आहे, यावर दुमत नाही. ल्युकोट्राईन अडवलं तरी डी2 आहे, हिस्टामिन आहे, इओसिनोफिल आहेत. पंप बंद करू नका.

गोळीबद्दल आणखी एक. मार्च 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी माँटेलुकास्टवर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. काहींना या गोळीने भयानक स्वप्नं पडतात, झोप उडते, चिडचिड होते, मन उदास होतं, क्वचित जीव द्यावासा वाटतो. आपल्या भागात शेतीच्या काळजीने आधीच मन खचलेली माणसं घराघरांत आहेत, म्हणून हे मी आवर्जून सांगतो. गोळी सुरू झाल्यावर आईचा स्वभाव बदलला असं वाटलं तर ‘वयामुळे असेल’ म्हणू नका, डॉक्टरांना सांगा. आणि साध्या सर्दीसाठी लेव्होसेटिरिझिनसोबतची माँटेलुकास्ट मेडिकलमधून आणून घरभर वाटू नका.

राहिलं जवस. आपल्याकडे जवसाची चटणी पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि ती राहावी. त्याच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-3 जातीचं मेदाम्ल असतं, हे खरं. पण ते अठरा कार्बनचं. दाह विझवणारे रेणू बनतात ते माशात असतं तशा लांब साखळीच्या ओमेगा-3 पासून, आणि जवसातल्या आम्लाचं तसं रूपांतर आपलं शरीर फार थोडं करतं. नुसत्या माशाच्या तेलाच्या चाचण्यांतूनही दम्यात ठोस फायदा हाती लागलेला नाही. तेव्हा भाकरीबरोबर चटणी खुशाल द्या, औषध म्हणून वाटीभर तेल पाजू नका. मृगाच्या सुमारास हैदराबादला जिवंत मासा गिळायला जाणाऱ्यांनाही मी एवढंच म्हणतो, श्रद्धेने जा, पंप खिशात ठेवून जा, आणि आल्यावर तो बंद करू नका.

येत्या सवंगणीसाठी काही गोष्टी आत्ताच ठरवा. हडंबा लागेल त्या दिवशी आई वावरात नसलेली बरी. जायचंच तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला, कुटाराच्या तोंडापासून लांब, तोंडावर एन-95 मास्क. ओढणी किंवा पदर पुरत नाही, ही धूळ त्यातून गाळली जात नाही. कुटार कोठ्यात भरायचं काम दुसऱ्याने करावं. भाव वाढेल म्हणून कापूस ज्या खोलीत रचता, तिथे आईची बाज नको. सोयाबीन निघायच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना भेटून पंपाची मात्रा तपासून घ्या, कारण स्टेरॉइडला अस्तर शांत करायला दिवस लागतात. हडंब्याच्या दिवशी सकाळी पंप आठवून भागत नाही. पंप थेट तोंडात मारत असेल तर स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी, लावा. विकतचा नसेल तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीला बुडाशी पंपाच्या तोंडाएवढं घट्ट बसणारं छिद्र करून तो बनवता येतो; दक्षिण आफ्रिकेत मुलांवर झालेल्या चाचणीत असा बाटलीचा स्पेसर विकतच्याच्या तोडीस उतरला होता. नंतर खळखळून चूळ भरायची.

आईला एक वाक्य सलग बोलता येईनासं झालं, बसल्या जागी मानेचे स्नायू ओढले जाऊ लागले, किंवा झटक्याच्या पंपाने पंधरा मिनिटांत फरक पडला नाही, तर उजाडण्याची वाट पाहू नका, 108 ला फोन लावा. आणि आज संध्याकाळी चुलीवर फोडणी पडेल तेव्हा तिला विचारा, वास येतो का. नाही म्हणाली तर पुढची सुई घेण्याआधी तिला डॉक्टरांकडे न्या आणि हे उत्तर त्यांना सांगा.